स्नायू आवळतो कसा आणि सुटतो कसा

मेंदूकडून निघालेली वीज स्नायूतल्या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांना कधी शिवतच नाही. ती पेशीच्या पटलावरून धावते आणि पटलावरच विरते. आतल्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांना विजेची भाषा कळत नाही, त्यांना कळते ते फक्त कॅल्शियम. मग पटलावरच्या विजेमुळे पेशीच्या पोटात कॅल्शियम येते कुठून आणि कसे? शरीरक्रियाशास्त्र शंभराहून अधिक वर्षे या प्रश्नाशी झुंजत आहे. बरेचसे उत्तर हाती आले आहे, पण त्याचा गाभा अजून पुरता उलगडलेला नाही.

हा प्रश्न कोल्हापुरात मांडावा असे वाटण्याला कारण आहे. मंगळवार पेठेच्या परिसरातले खासबाग मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात शाहू महाराजांनी रोममधला प्राचीन आखाडा पाहिला, आणि तसे काही आपल्या मल्लांसाठी उभे करायचे त्यांच्या मनात आले. तेव्हापासून या शहरात ताकदीची चर्चा चालते ती जोर, बैठका, दूध, तूप, बदाम आणि थंडाई या शब्दांत. या चर्चेचा सारा भर स्नायू कमावण्यावर असतो. पण त्याच तालमीत वस्ताद नवख्या पोराला आणखी एक गोष्ट सांगत असतो: अंग सैल सोड, ताठ राहू नकोस. ताठ राहणारा गडी लवकर दमतो आणि डाव सुचेपर्यंत चितपट होतो. माझ्या मते या विषयाचे मर्म या दुसऱ्या सूचनेत आहे. स्नायू आवळतो कसा, याचे उत्तर विज्ञानालाही तो सुटतो कसा हे शोधताना मिळाले.

आधी संदेश स्नायूपर्यंत येतो कसा ते पाहू, कारण हा टप्पा आता बऱ्यापैकी निर्विवाद आहे. मज्जारज्जूतून निघालेला चेतातंतू स्नायुतंतूला टेकतो, पण चिकटत नाही. तिथे विजेचे रसायन होते. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडते, समोरच्या पटलावरचे ग्राही ते पकडतात आणि स्नायुतंतूच्या पटलावर नवी विद्युतलहर उठते. हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये हे दाखवले. पुढे बर्नार्ड कॅट्झ यांनी हे रसायन ठरावीक आकाराच्या पुड्यांनी सुटते हे सिद्ध केले. हा दुवा किती नाजूक आहे, हे मण्यार चावलेल्या माणसाकडे पाहिल्यावर कळते. मण्यारीचे विष नेमके याच सांध्यावर घाला घालते. स्नायू धडधाकट असतो, मेंदू हुकूम सोडत असतो, तरी पापण्या मिटतात, घास गिळवत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. आपल्याकडच्या शेतशिवारांत पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसांचे असे मृत्यू होत आले आहेत. वेळेवर कृत्रिम श्वास आणि उपचार मिळाले तर हाच रुग्ण उठून चालू लागतो, कारण स्नायूचे स्वतःचे काही बिघडलेले नसते.

इथून पुढे कथा अवघड होते. स्नायुतंतूच्या पटलाच्या आत विश्रांतीत सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असतात. लहर आली की क्षणभर ते अधिक ३० च्या आसपास जातात आणि परत खाली येतात. काही मिलिसेकंदांत तंतू आवळू लागतो. मधे काय घडते?

कॅल्शियमचा पहिला धागा लंडनच्या नळाच्या पाण्यातून मिळाला. सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवून प्रयोग करत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले असे ते समजत होते, पण त्यात नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाण्यात द्रावण केल्यावर हृदय थोड्याच वेळात थांबले. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हृदयाला लागत होता. १८८३ मधला हा शोध. पण त्यातून एक घोळही झाला. हृदयाला बाहेरचे कॅल्शियम लागते म्हणून हातापायाच्या स्नायूलाही तसेच लागत असणार, असे बराच काळ गृहीत धरले गेले. ते चूक होते, आणि त्या चुकीत फार मोठी गोष्ट दडलेली होती.

१९४७ मध्ये हाइलब्रुन आणि विएर्चिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायुतंतूत वेगवेगळे क्षार टोचून पाहिले. आवळला तो कॅल्शियमने. त्यांच्या आधी जपानमध्ये कामादा आणि किनोशिता यांनाही असेच दिसले होते, पण युद्धाच्या काळात ते काम फारसे कुणापर्यंत पोहोचले नाही. आता वाटले, प्रश्न सुटला: लहर येते, पटलातून कॅल्शियम आत शिरते, स्नायू आवळतो. त्यावर ए. व्ही. हिल यांनी एक साधा हिशेब मांडला. स्नायुतंतू शंभरेक मायक्रोमीटरपर्यंत जाड असतो. कडेवरून आत शिरलेला पदार्थ झिरपत मध्यापर्यंत जायला जितका वेळ लागेल, त्याच्या कितीतरी आधी सबंध तंतू आवळलेला असतो. म्हणजे कडेकडून आत काहीतरी झिरपण्याहून खूप वेगाने जात असले पाहिजे. नव्या प्रयोगाविना, केवळ आकडेमोडीने एका लोकप्रिय समजाचा पाया काढून घेण्याचे असे उदाहरण या विषयात दुसरे नाही.

अँड्र्यू हक्सली आणि रॉबर्ट टेलर यांनी १९५५ ते १९५८ या काळात तो वेगवान मार्ग शोधला. काही मायक्रोमीटर तोंडाच्या काचेच्या नळीने त्यांनी बेडकाच्या एकट्या तंतूच्या पटलाला जागोजागी विजेचा हलका स्पर्श केला. बहुतेक ठिकाणी काहीच झाले नाही. ठरावीक अंतरावरच्या ठरावीक ठिपक्यांवर स्पर्श केला की मात्र तेवढ्याच भागाचे आकुंचन आत सरकत जाई. पटलावर जणू ठरावीक दारे होती. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये कीथ पोर्टर आणि जॉर्ज पलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ही दारे आतून दिसली. पटल जागोजागी बोटासारखे आत वळून बारीक आडव्या नळ्या तयार होतात, आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना दोन फुगीर पिशव्या टेकलेल्या असतात. त्या पिशव्या म्हणजे कॅल्शियमची कोठारे. नळीतून लहर थेट तंतूच्या गाभ्यात उतरते आणि हिल यांचा हिशेब जुळतो.

यातली हळहळ लावणारी बाब अशी की नळ्यांचे हे जाळे पाव्हियाच्या एमिलिओ व्हेराट्टी यांनी १९०२ मध्येच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, चांदीच्या रंगक्रियेने पाहून रेखाटले होते. त्यांची चित्रे पन्नास वर्षांहून अधिक काळ कुणी गांभीर्याने पाहिली नाहीत. त्या जाळ्याचा उपयोग काय हे कुणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे ते आहे यावरही कुणाचा विश्वास बसला नाही.

आता सैल होण्याकडे वळतो, कारण खरी कोंडी तिथे फुटली. १९५१ मध्ये मार्श यांना स्नायूच्या लगद्यात असे काहीतरी आढळले की जे असले की आकुंचन पावलेले धागे पुन्हा सैल होतात. त्याला शिथिल करणारा घटक असे मोघम नाव पडले. तो कोणते रसायन आहे, याचा शोध दहा वर्षे चालला. टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी दाखवले की ते रसायन नाहीच. ते त्याच कोठारांचे तुटलेले तुकडे आहेत, आणि ते भोवतीचे कॅल्शियम शोषून घेतात. १९६१ च्या सुमारास जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे यांनी तोच निष्कर्ष काढला: एटीपी या पेशीच्या इंधनावर चालणारा पंप कॅल्शियम आत ओढून कोठारात भरतो. कॅल्शियम काढून घेतले की स्नायू सुटतो, हे एकदा पक्के झाले की ते सोडले की स्नायू आवळतो, हे मानायला अडचण उरली नाही. तरीही अनेक नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञांना एवढा साधा आयन एवढे मोठे काम करतो हे पटत नव्हते. १९६५ मध्ये एबाशी आणि अयाको कोदामा यांनी ट्रोपोनिन हे प्रथिन वेगळे काढले, तेव्हा वाद मिटला.

या ट्रोपोनिनचे काम अडवणूक उठवण्याचे आहे. ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांत सरकतात, म्हणून स्नायू आखूड होतो, हे १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन जोड्यांनी मांडले होते. एकीत अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के होते, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचे नाते काही नव्हते. विश्रांतीत ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाने झाकलेल्या असतात. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटले की हे आवरण बाजूला सरते आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून खेचतात. म्हणजे आवळण्याची तयारी स्नायूत सदैव असते. कॅल्शियम फक्त तिच्यावरची बंदी उठवते.

उरला तो मधला टप्पा. लहर आडव्या नळीत उतरली, कोठार शेजारीच आहे, पण दोन्हींची पटले वेगळी आहेत आणि त्यांच्यात सुमारे १२ नॅनोमीटरची फट आहे. नळीतली बातमी ही फट ओलांडते कशी? १९७० ते १९९० या वीस वर्षांत या विषयातले सर्वांत चुरशीचे वाद याच फटीवरून झाले.

तीन मते होती. एक मत असे की नळीतून थोडे कॅल्शियम येते आणि ते कोठाराचे दार उघडते. दुसऱ्या मताप्रमाणे एखादा रासायनिक दूत फट ओलांडतो, आणि १९८५ मध्ये त्यासाठी एका फॉस्फेट संयुगाचे नाव जोरात पुढे आले होते. तिसरे मत सर्वांत धाडसी होते. येल विद्यापीठातल्या श्नायडर आणि चँडलर यांनी १९७३ मध्ये मोजून दाखवले की लहर येताच नळीच्या पटलात काही विद्युतभार जागच्या जागी सरकतात, पण पटलापार जात नाहीत. नळीतले एखादे प्रथिन विजेने हलते आणि दट्ट्या ओढावा तसे कोठाराचे दार प्रत्यक्ष खेचून उघडते, असे त्यांनी सुचवले. त्याला आधार आधीच होता. क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग यांनी १९७० मध्ये त्या फटीत दोन्ही पटलांना जोडणारे ओळीने उभे ठोकळे पाहिले होते. आणि १९७२ मध्ये असे दिसले होते की भोवतालचे कॅल्शियम जवळपास काढून टाकले तरी बेडकाचा तंतू झटके देत राहतो. पहिल्या मतासाठी ही बाब जड होती.

निकाल लागला तो उंदरांमुळे. काही उंदरांच्या पिल्लांमध्ये जन्मतःच एका जनुकात दोष असतो. त्यांचे स्नायू आवळतच नाहीत, त्यामुळे श्वास घेता न आल्याने ती जन्मताच मरतात. १९८८ मध्ये तानाबे, बीम, नूमा आणि सहकाऱ्यांनी अशा पेशींत निरोगी जनुक टोचला, आणि त्या पेशी विजेला प्रतिसाद देऊन आवळू लागल्या. तो जनुक होता नळीतल्या कॅल्शियम वाहिनीचा. दोन वर्षांनी त्यांनी आणखी सुरेख प्रयोग केला. स्नायूच्या जनुकाऐवजी हृदयाच्या वाहिनीचा जनुक टोचला. पेशी आवळल्या, पण हृदयाच्या पद्धतीने: बाहेर कॅल्शियम असेल तरच. मग वाहिनीचा एकच तुकडा बदलून पद्धत परत स्नायूची करता येते हेही त्यांनी दाखवले. माझ्या दृष्टीने या सबंध शोधमालिकेतला हा सर्वांत निर्णायक प्रयोग आहे. शंभर वर्षांपूर्वी रिंगर यांच्या हृदयाने जो घोळ घातला, तो इथे सुटला. हृदयात थोडे कॅल्शियम बाहेरून येते आणि ते कोठारातले खूप कॅल्शियम सोडवते. हातापायाच्या स्नायूत विजेने हललेले प्रथिन पलीकडच्या प्रथिनाला थेट खेचते. कोठाराचे दार असलेल्या त्या पलीकडच्या प्रथिनाला रायनोडिन ग्राही म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडातले विष त्याला चिकटते, म्हणून हे नाव. ते अवाढव्य आहे: चार समान भाग, प्रत्येकात सुमारे पाच हजार अमिनो आम्ले.

हातापायाच्या स्नायूला बाहेरचे कॅल्शियम लागत नाही, याचा पुरावा आपल्याकडच्या कित्येक घरांत रोज गोळीच्या रूपात घेतला जातो. रक्तदाबावरची अम्लोडिपिन ही गोळी नेमक्या नळीतल्या वाहिनीच्याच जातीच्या कॅल्शियम वाहिन्या बंद करते. रक्तवाहिन्यांचे स्नायू बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून असतात, म्हणून ते सैलावतात आणि दाब उतरतो. पण गोळी घेणारे आजोबा रंकाळ्याला फेरी मारून येतात, त्यांच्या पायातली शक्ती जात नाही. पायाच्या स्नायूला त्या वाहिनीतून कॅल्शियम येण्याची गरजच नसते. २०१७ मध्ये तर असे उंदीर तयार केले गेले की ज्यांच्या स्नायूतल्या या वाहिनीतून कॅल्शियम मुळीच जात नाही, आणि ते नेहमीच्या उंदरांसारखेच धावले, वाढले. त्याच वर्षी बीम यांच्या गटाने स्नायूशी संबंध नसलेल्या पेशींत पाच प्रथिने घालून ही सबंध जोडणी उभी करून दाखवली. दोन मुख्य प्रथिने, वाहिनीचा एक साहाय्यक भाग, दोन पटले जवळ धरणारे एक आणि स्टॅक-३ नावाचे एक, एवढ्यावर काम भागते.

दार उघडले की काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. विश्रांतीत पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट कमी असते. दार उघडताच ते काही मिलिसेकंदांसाठी कित्येक पटींनी वाढते, आणि लगेच पंप ते परत कोठारात ओढू लागतो. प्रत्येक दोन कॅल्शियमसाठी एक एटीपी खर्च होतो. आवळणाऱ्या स्नायूच्या एकूण ऊर्जेतला साधारण एक तृतीयांश भाग खेचण्यावर खर्च होत नाही, तो कॅल्शियम परत भरण्यासारख्या कामांवर जातो. म्हणून सैल होणे फुकट नाही. मेल्यावर शरीर ताठ होते तेही एटीपी संपल्यामुळे: मायोसिनची पकड सुटायला एटीपी लागते आणि कॅल्शियम उपसायलाही.

हे दार नको तेव्हा उघडे राहिले तर काय, याची घटना १९६० मध्ये मेलबर्नहून डेन्बरो आणि लव्हेल यांनी नोंदवली. पाय मोडलेल्या एका तरुणाला शस्त्रक्रियेपेक्षा भुलीची भीती वाटत होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीत दगावले होते. अशा माणसांच्या रायनोडिन ग्राहीत बहुधा जन्मजात दोष असतो. काही वायुरूप भुलीची औषधे आणि सक्सिनिलकोलीन यांमुळे दार उघडते आणि बंद होत नाही. मेंदूकडून एकही हुकूम आलेला नसतो, तरी सबंध शरीराचे स्नायू आवळतात, पंप जिवाच्या आकांताने चालतो आणि ताप भराभर चढतो. मण्यारीच्या दंशाच्या अगदी उलटे हे चित्र आहे. दँट्रोलीन हे औषध ते दार बंद करते. पूर्वी असे बहुतेक रुग्ण दगावत, आता वेळेवर ओळखले तर बहुतेक वाचतात. दोष घराण्यात चालतो, म्हणून भूल देण्याआधी डॉक्टर घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का असे विचारतात, तेव्हा आठवून नीट सांगावे. तो प्रश्न केवळ औपचारिकता म्हणून विचारलेला नसतो.

आता दमण्याबद्दल. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. तिथे जपानच्या इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली, आणि नियमाप्रमाणे मिळायची अर्ध्या तासाची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले असे सांगितले जाते. त्यांची बाजू मांडायला कुणी भारतीय अधिकारी तिथे नव्हता. ही गोष्ट आपण अन्याय म्हणून सांगतो, आणि तो अन्यायच होता. पण त्या अर्ध्या तासात स्नायूत काय भरून आले असते, हे आज बऱ्यापैकी सांगता येते.

दमण्याचे खापर वर्षानुवर्षे लॅक्टिक आम्लावर फुटत आले. शरीराच्या तापमानाला केलेल्या प्रयोगांत त्याचा थेट दोष फार थोडा निघाला. जोरदार श्रमात क्रिएटिन फॉस्फेट फुटून साचणारे फॉस्फेट हे मोठे कारण आहे. ते मायोसिनची खेच कमी करते, आणि कोठारात शिरून कॅल्शियमशी गोठते असेही मानले जाते, त्यामुळे सोडायला कॅल्शियमच कमी उरते. हा भाग काही मिनिटांत बराचसा सावरतो. अर्ध्या तासात खाशाबांना तो नक्की परत मिळाला असता. पण दमण्याचा दुसरा एक प्रकार आहे, १९७७ मध्ये नीट मांडला गेलेला. त्यात मेंदूकडून येणाऱ्या मध्यम वेगाच्या लहरींना स्नायू कमी ताण देतो, आणि हे तासन् तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. त्याचे कारण कॅल्शियम सोडणाऱ्या दाराशी निगडित आहे, यावर आज बहुतेकांचे एकमत आहे. स्वीडनमधल्या एका गटाने २०१५ मध्ये सायकलवर तीस सेकंदांच्या सहा जिवापाड फेऱ्या मारणाऱ्या हौशी माणसांच्या स्नायूचे तुकडे चोवीस तासांनी तपासले, तेव्हा रायनोडिन ग्राहीचे तुकडे पडलेले दिसले. कसलेल्या लांब पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये तसे दिसले नाही. ती तूटफूट स्नायूला बळकट होण्याचा संकेत देते, की नुसते नुकसान आहे, यावर मते विभागलेली आहेत. मला पहिली शक्यता अधिक पटते, पण पुरावा अजून थोडा आहे.

रचनेच्या बाजूनेही काम बाकी आहे. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने २०१५ पासून वाहिनी आणि रायनोडिन ग्राही या दोन्हींची चित्रे जवळपास अणूच्या तपशिलात मिळाली, पण वेगवेगळी. फटीत दोघे एकमेकांना कुठे धरतात आणि कुठून खेचतात, ते तेवढ्या तपशिलात अजून दिसलेले नाही. स्टॅक-३ नेमके काय करते हेही अर्धवटच कळले आहे, जरी त्यातल्या एका दोषाने मुलांना जन्मापासून अशक्तपणा येतो हे माहीत आहे.

दमण्याकडे परत येऊ. सायकलवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष तालमीला जसेच्या तसे लागू करणे मला धोक्याचे वाटते. तालमीतला मल्ल पहाटे मेहनत करतो आणि संध्याकाळी पुन्हा मातीत उतरतो. म्हणजे दाराची तूटफूट भरून यायला जो अवधी लागतो, त्याच्या आतच दुसरा भार पडतो. त्यातून स्नायू घडतो की झिजतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे, आणि त्यासाठी सुईने तुकडा काढायचीही गरज नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला त्वचेवरून विजेचे हलके झटके द्यायचे, सेकंदाला वीस आणि सेकंदाला शंभर या दोन गतींनी, आणि दोन्ही वेळचा ताण मोजायचा. पहिला दुसऱ्याच्या तुलनेत किती घसरला, यावरून दार किती थकले आहे ते कळते. सकाळच्या मेहनतीआधी, तिच्यानंतर, संध्याकाळी आणि दुसऱ्या पहाटे असे चार वेळा, पंधरा-वीस मल्लांवर. वस्ताद आणि शहरातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक एकत्र बसले, तर एका हंगामात हे होण्यासारखे आहे.